ओल्या अंगाचा कपडा

बाथरोब घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी मऊपणा बघतात. हात फिरवला, छान वाटलं, जाडजूड आहे, चला घेऊया. मला ही पद्धत मनापासून खटकते कारण कोरड्या तळहाताने बाथरोबमधलं फारसं काही कळत नाही, तो काम करणार असतो ओल्या पाठीवर. आणि तळहाताला जे आवडतं ते पाठीला आवडेलच असं नाही, बऱ्याचदा उलटंच होतं, म्हणजे दुकानात जो सगळ्यात गुळगुळीत मखमली लागतो तोच आंघोळीनंतर पाणी शोषायचं सोडून अंगभर पसरवत बसतो आणि मग माणूस म्हणतो की रोबबिब आपल्यासाठी नाही, टॉवेलच बरा. पुरुषांच्या बाबतीत तर हे फारच होतं. एकदा घेतात, मनासारखा निघत नाही, दारामागे लटकत राहतो, विषय संपला.

त्यामुळे मला कोणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट विचारतो, तू तो ओल्या अंगावर घालणार आहेस की कोरड्या? कारण बाथरोब म्हणून दोन अगदी वेगळे कपडे विकले जातात. एक शॉवरमधून बाहेर आल्या आल्या घालायचा, त्याचं काम पाणी टिपणं. दुसरा अंग पुसून झाल्यावर, सकाळी उठल्यावर नाहीतर रात्री वाचत बसताना घालायचा, त्याचं काम ऊब देणं आणि अंगावर छान पडणं. दोन्ही कामं सारखीच चांगली करणारं कापड मी तरी पाहिलेलं नाही, आणि जे लेबल दोन्हीचा दावा करतं त्यावर माझा पटकन विश्वास बसत नाही.

आंघोळीनंतर थंडी का वाजते हे एकदा नीट लक्षात घेतलं की निवड बरीच सोपी होते. अंगावर राहिलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना त्वचेची उष्णता घेऊन जातं, एका ग्रॅमला साधारण २.४ किलोज्यूल. ऐकायला किरकोळ वाटेल पण एवढ्याच उष्णतेत अर्ध्या लिटरहून जास्त पाणी एक अंशाने गरम करता येतं. त्यात खिडकीतून किंवा पंख्याची जरा हवा लागली की उडण्याचा वेग वाढतो आणि काटा येतो अंगावर. चांगला रोब इथे दोन गोष्टी एकदम करतो, पाणी त्वचेवरून उचलून स्वतःत घेतो आणि वाहत्या हवेला अंगापर्यंत पोचू देत नाही. टॉवेल पहिलं काम करतो, दुसरं नाही, आणि तेही तुम्ही हाताने घासलं तर.

शेवटची ही हाताने घासण्याची गोष्ट मला खऱ्या अर्थाने समजली ती बाबांमुळे. त्यांचा उजवा खांदा आखडला होता, फ्रोझन शोल्डर, हात पाठीमागे जातच नव्हता. आंघोळ ते स्वतःची स्वतः करायचे पण पाठ पुसता यायची नाही, आणि पाठ पुसायला कोणाला हाक मारायची हे त्यांना अजिबात सहन व्हायचं नाही, त्यांचा तो स्वभावच नव्हता, मग ओल्या पाठीवर तसाच शर्ट चढवायचे आणि दिवसभर तो चिकटलेला. रोब आणला आणि पाठ पुसायची गरजच संपली. अंगावर घ्यायचा, बेल्ट बांधायचा, खुर्चीत थोडा वेळ शांत बसायचं, पाठ आपोआप कोरडी. मी तेव्हा बघत होतो की एका कपड्यामुळे माणसाची मदत मागायची वेळ टळली, आणि ही गोष्ट त्यांच्यासाठी केवढी मोठी होती. वय झालं की त्वचाही पातळ होते, तिला घासण्यापेक्षा असं टिपून घेणं फार बरं. घरात कोणी आजारी असेल, ऑपरेशनमधून उठत असेल, कंबर धरली असेल, तर मी रोबला चैनीची वस्तू म्हणायला तयार नाही.

त्यांच्यासाठी निवडताना जे बघावं लागलं ते नंतर मी सगळ्यांसाठीच बघायला लागलो. बाहीचं भोक, म्हणजे काखेपाशी, ऐसपैस हवं. अरुंद बाहीत दुखरा हात घालणं म्हणजे शिक्षा असते (दुखरा हात आधी घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा, फिजिओथेरपिस्ट हेच शिकवतात, आणि तसं केलं की खरंच निम्मा त्रास वाचतो). बेल्ट मागच्या बाजूला मध्यावर दोन टाके घालून रोबला पक्का करून टाकायचा, नाहीतर एक टोक लोंबतं, जमिनीवर येतं, त्यात पाय अडकतो, ओल्या फरशीवर ते फारच धोक्याचं. आणि लांबी पोटरीच्या मध्यापर्यंत पुरे. घोट्यापर्यंतचा रोब फोटोत छान दिसतो पण जिना चढताना पायात येतो.

आता कापड. ओल्या अंगासाठी सुती टेरीला तोड नाही असं माझं स्पष्ट मत आहे. टेरी म्हणजे आपल्या टर्किश टॉवेलचंच कापड, दोन्ही बाजूंना किंवा निदान आतल्या बाजूला बारीक फंदे असलेलं. ते विणतात कसं हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आवडलं होतं. उभे धागे दोन प्रकारचे असतात, काही घट्ट ताणलेले, ते कापडाचा पाया, आणि काही मुद्दाम सैल सोडलेले. दोनेक आडवे धागे टाकायचे पण ते लगेच पुढे ठोकायचे नाहीत, थोडं अंतर ठेवायचं, मग तिसऱ्यासकट सगळे एकदम पुढे दाबायचे, की सैल उभे धागे वर उचलले जातात आणि फंद्यांची ओळ उभी राहते. त्या फंद्यांमुळे कापडाचा पृष्ठभाग कितीतरी वाढतो आणि पाण्याला शिरायला जागा मिळते. ही कला मुळात तुर्कांची, हाताने विणायची. १८५० च्या सुमारास हेन्री क्रिस्टी नावाचा इंग्रज तिकडे फिरायला गेला होता, त्याने हे कापड पाहिलं, नमुना घेऊन आला, सॅम्युएल होल्टने ते विणायचं यंत्र बसवलं आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते लोकांसमोर आलं. आज जगात कुठेही आपण टेरीत अंग गुंडाळतो त्यामागे ते तुर्की विणकर आहेत, त्यातल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही याची मला खंत वाटते.

सुतच का, पॉलिएस्टर का नाही, तर धाग्याच्या स्वभावामुळे. साधारण दमट हवेत नुसतं ठेवलं तरी कापूस स्वतःच्या वजनाच्या ८.५ टक्क्यांच्या आसपास ओलावा आत घेतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्याला आतून पाणी नकोच असतं, जे काय राहील ते धाग्यांच्या मधल्या फटीत. अतिशय बारीक मायक्रोफायबर याच फटींच्या जोरावर पाणी ओढतं, त्यामुळे सगळं मायक्रोफायबर वाईट असं मी म्हणणार नाही, केस पुसायचा तसला टॉवेल चांगलाच काम करतो. पण तो जो पॉलिएस्टरच्या गुबगुबीत फ्लीसचा रोब मिळतो, हाताला स्वर्ग वाटणारा, तो ओल्या अंगावर घालू नका. पाणी आत अडकतं, अंग दमट राहतं, वर घाम येतो. कोरड्या अंगावर, कडाक्याच्या थंडीत, तो बिनधास्त वापरा, तिथे तो हलका आणि उबदार दोन्ही आहे. धुताना त्यातून प्लॅस्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात एवढं मात्र डोक्यात असू द्या.

आणि बांबू. यावर मला जरा जोर देऊन बोलायचंय कारण लोकांना यात खरोखर फसवलं जातं. बांबूचा म्हणून मिळणारा मऊ रोब बहुतेक वेळा व्हिस्कोस असतो, म्हणजे बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्यातून ओढलेला धागा. पाणी तो कापसापेक्षाही जास्त धरतो हे खरं आहे आणि स्पर्शही सुंदर असतो, पण भिजल्यावर त्याची ताकद बरीच कमी होते, उलट कापूस ओला झाल्यावर आणखी मजबूत होतो. रोज भिजणाऱ्या कपड्यात हा फरक लहान नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये काही विक्रेत्यांवर याच कारणासाठी कारवाई केली होती, रेयॉनला, म्हणजे याच जातीच्या धाग्याला, बांबू म्हणून विकलं म्हणून. कापूस आणि बांबू मिक्स असेल तर ठीक, पण लेबलवर टक्केवारी वाचून घ्या.

कापसातही फरक असतोच. लांब तंतूचा कापूस चांगला, कारण धाग्यातून बाहेर डोकावणारी टोकं कमी असतात, त्यामुळे गोळे कमी येतात, धागा मऊ आणि टिकाऊ होतो. नेहमीच्या कापसाचा तंतू २५ ते ३० मिलिमीटर असतो, एक्स्ट्रा लाँग स्टेपल म्हणतात त्याचा ३५ च्या आसपास किंवा वर. इजिप्शियन, पिमा ही नावं त्यासाठीच मिरवतात. पण नुसतं देशाचं नाव लिहिलंय म्हणून भुलू नये, तिथे आखूड तंतूचाही कापूस पिकतो. ‘कोम्ब्ड’ आणि ‘रिंगस्पन’ हे दोन शब्द दिसले तर मला जास्त बरं वाटतं, पहिल्यात आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, दुसऱ्यात पीळ नीट बसलेला असतो. आणि ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० चा शिक्का असेल तर कापडात हानिकारक रसायनं आहेत का हे तपासलंय एवढं कळतं, कापड चांगलं आहे का हे त्यावरून कळत नाही, दोन्हीची गल्लत होते लोकांची.

मग जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. टेरी रोब साधारण ३०० ते ४५० मध्ये मिळतात आणि सगळ्यांचा ओढा जास्त आकड्याकडे असतो. इथे मी हात जोडून सांगतो की थांबा. मोठ्या माणसाच्या रोबला तीन चौरस मीटरच्या वर कापड लागतं असं धरलं तरी ४०० चा रोब कोरडाच सव्वा किलोच्या आसपास जातो, त्यात पाणी शिरलं की खांद्यावर ओझं. आणि मुख्य म्हणजे तो वाळत नाही. सकाळी घातलेला रोब दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण कोरडा नसेल तर सगळी मजा गेली, वर तो कुबट वास. तो वास कपडा जुना झाला म्हणून येत नाही, ओलसर कापडात वाढणाऱ्या जिवाणूंमुळे येतो, मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा एक त्यातला मुख्य म्हणून ओळखला गेलाय, आणि तो साध्या धुण्यालाही दाद देत नाही, पुन्हा ओलावा मिळाला की पुन्हा हजर. त्यामुळे माझा सल्ला असा, हवा दमट असेल किंवा बाथरूमला खिडकी नसेल तर ३५० च्या आतच रहा, किंवा सरळ वॉफल विणीचा रोब घ्या, चौकोनी खळ्यांचा. तो पातळ असतो, हाताला फार काही वाटत नाही, दुकानात कोणी त्याच्याकडे बघत पण नाही, पण पाणी पटकन घेतो, पटकन वाळतो, प्रवासात बॅगेत मावतो. मला स्वतःला विचाराल तर गरम दिवसांत मी दुसरं काही घालत नाही. तो पहिल्या धुण्यात आटतो मात्र चांगलाच, तेव्हा माप मोठं घ्या.

व्हेलूर म्हणजे ज्याचे बाहेरच्या बाजूचे फंदे कातरलेले असतात तो. दिसायला देखणा, झळाळी असते, कातरलेली बाजू पाणी कमी टिपते. बाहेर व्हेलूर आणि आत टेरी असेल तर उत्तम. दोन्हीकडे व्हेलूर असेल तर तो कोरड्या अंगाचा रोब समजा.

कोरड्या अंगाच्या रोबची परंपरा तशी जास्त जुनी आणि जास्त ऐटदार. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातले पुरुष घरी असला सैल झगा घालायचे, तो त्यांच्याकडे जपान आणि हिंदुस्थानातून व्यापाराबरोबर पोचला होता. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशी लिहिणारा सॅम्युएल पेप्स, त्याने १६६६ मध्ये आपलं चित्र काढून घेतलं तेव्हा त्यासाठी खास एक इंडियन गाऊन भाड्याने आणला होता. बेंजामिन रश या अमेरिकन डॉक्टरचं तर म्हणणं होतं की सैल कपड्यात बुद्धी मोकळेपणाने काम करते, म्हणून अभ्यासू माणसांची चित्रं नेहमी गाऊनमध्येच असतात. मला यात तथ्य वाटतं. घट्ट कॉलर, बेल्ट, पट्टे हे सगळं अंगावर चढायच्या आधीचा जो वेळ असतो त्यात माणूस कोणाचा साहेब नसतो आणि कोणाचा नोकर नसतो, आणि पुरुषांना असा वेळ स्वतःला द्यायची सवय कमी असते, आंघोळ झाली की पाच मिनिटांत तयार, पळ. त्या वेळेसाठी एखादा चांगला कपडा असावा असं मला कळकळीने वाटतं. फ्लॅनेल सुंदर, पातळ लोकरही, रेशीम ज्याला झेपेल त्याने. रेशमावर पाण्याचे डाग पडतात, तेव्हा ते बाथरूमपासून लांबच.

बेतण्याबद्दल. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या खाली थोडी ओघळली तरी चालेल पण हाडाच्या आत नको, पुढे वाकलात की पाठीवर ताण येतो. सगळ्यात महत्त्वाची परीक्षा म्हणजे घालून बसून बघणं, आणि ही जवळपास कोणीच करत नाही! उभं असताना सगळेच रोब झाकतात, बसलं की पुढचे पदर गुडघ्यावरून सरकून उघडतात आणि मग माणूस एका हाताने धरून बसतो, असला रोब घालून कोणाला आराम मिळणार. दोन पदर एकमेकांवर भरपूर चढले पाहिजेत, निदान एका वितीपेक्षा जास्त, पोट सुटलेलं असेल तर आणखी. आतून बांधायची एक छोटी नाडी असेल तर सोन्याहून पिवळं. सगळ्यांना एकच माप असं लिहिलेलं असेल तर उंच किंवा रुंद माणसाने त्या वाटेला जाऊ नये, ते माप मधल्या कोणाचं तरी असतं. बेल्ट अडकवायच्या पट्ट्या दोन उंचीवर शिवलेल्या असतील तर कंबर आपल्या जागी येते. कॉलर शाल पद्धतीची घेतली की मानेचं पाणी टिपलं जातं, किमोनो पद्धतीची सपाट कॉलर हलकी आणि लवकर वाळणारी, टोपीवाला रोब केस लांब असतील तरच, एरवी ते ओलं गाठोडं पाठीवर लोंबत राहतं. खिसे कोपऱ्यांवर पक्के टाचलेले आहेत ना बघा, फोन ठेवून ठेवून तिथूनच फाटतात.

बाह्या मनगटाच्या जरा वर संपणाऱ्या किंवा दुमडून ठेवता येणाऱ्या हव्यात. आणि रोब घालून स्वयंपाकघरात शेगडीशी जाऊ नका, हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय. रुंद सैल बाही तर धोक्याची आहेच, पण फंद्यांच्या, लव असलेल्या सुती कापडावर ज्योत पृष्ठभागावरून झर्रकन पसरू शकते. चहा ठेवायचा असेल तर बाह्या कोपरापर्यंत सारा किंवा रोब काढून ठेवा.

नवा रोब आणल्यावर पहिल्याच दिवशी पाणी टिपत नाही म्हणून नाराज होऊ नका. कारखान्यात त्याला मऊ दिसायला सिलिकॉन वगैरेचं फिनिश दिलेलं असतं, दोन-तीन धुण्यांत ते उतरतं आणि मग फंदे खुलतात. सॉफ्टनर अजिबात घालायचा नाही. तो धाग्यावर थर धरतो आणि ज्या कामासाठी रोब घेतला तेच बंद पाडतो, लोक मऊ राहावा म्हणून टाकतात आणि वर्षभरात रोब पाणी ढकलायला लागतो. साबणही बेताचा, मशीन गच्च भरायचं नाही, काढल्यावर जोरात झटकायचा. एखादा फंदा बाहेर ओढला गेला असेल तर कात्रीने कापून टाका, विणलेल्या टेरीत त्याने कापड उसवत नाही, ओढत बसलात तर मात्र पूर्ण ओळ बिघडते.

परवडत असेल तर एका भारी जाड रोबऐवजी मध्यम वजनाचे दोन घ्यावेत, एक वाळत असताना दुसरा अंगावर. आणि वाळत घालताना हुकावर नको, मानेपाशी सगळं कापड एकावर एक गोळा होऊन तिथेच ओल राहते, रुंद खांद्याचा हँगर वापरा, बेल्टची गाठ सोडा, बाह्या सरळ करा, कॉलर उभी करा, आणि शक्यतो बाथरूमच्या बाहेर टांगा, जिथे वारा फिरतो.